गिअरबॉक्स दुरुस्त करावा, की बदलावा?

“गिअरबॉक्स गेलाय म्हणतात. दुरुस्त करू, की दुसरा बसवू? की आता गाडीच काढून टाकू?” हा प्रश्न लोक विचारतात तो बहुधा गॅरेजमध्ये उभं राहून, हातात खर्चाच्या अंदाजाचा कागद घेऊन. आकडा मोठा असतो, गाडीविना खोळंबा झालेला असतो आणि समोरचा माणूस उत्तराची वाट पाहत असतो. अशा वेळी मन लगेच किमती मांडू लागतं : दुरुस्तीला इतके, नव्याला इतके, गाडीची किंमत इतकी. पण किमती ही या हिशेबातली शेवटची पायरी आहे. त्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. नेमकं काय मोडलं आहे, आणि दुरुस्तीनंतर ही गाडी आपण किती वर्षं वापरणार आहोत. पहिली गोष्ट कळली नाही, तर चांगला गिअरबॉक्स भंगारात जातो. दुसरी ठरवली नाही, तर भंगारात जायच्या गाडीत नवा गिअरबॉक्स बसतो. दोन्ही चुकांमध्ये एखाद्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत जाते, म्हणून हा विषय सावकाश समजून घेऊ.

१. बंद पेटीत काय चालतं?

इंजिनाच्या फेऱ्या फार कमी झाल्या की त्यात जोर उरत नाही. चाकाला मात्र दर सिग्नलला शून्यापासून सुरुवात करावी लागते. या दोघांचा मेळ घालणं हे गिअरबॉक्सचं काम. लहान मोटारीत पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या साधारण १५ फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक होते. पाचव्या गिअरमध्ये हे प्रमाण तीन-सव्वातीनावर येतं. चाकाचा घेर १.९ मीटर धरा. इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असताना पहिल्या गिअरमध्ये चाक १०० वेळा फिरेल, गाडी मिनिटात १९० मीटर जाईल. म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर. इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांवर पाचव्यात ती ताशी पन्नासच्या पुढे असेल. पसरणीचा घाट चढताना आपण दुसऱ्या गिअरवर येतो तेव्हा वेग सोडून जोर घेतो, एवढंच.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढच्या गिअरांची दातेरी चाकं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. आपण दांडा ढकलतो तेव्हा आतलं एक कडं सरकतं आणि हव्या त्या चाकाला शाफ्टशी जखडतं. अडचण ही, की त्या क्षणी चाकाचा आणि शाफ्टचा वेग वेगळा असतो. चालत्या एसटीत चढणारा माणूस आधी गाडीबरोबर चार पावलं धावतो, वेग जुळला की पायरीवर पाय ठेवतो. गिअरबॉक्समध्ये हे धावण्याचं काम सिंक्रो रिंग करते. ही बहुधा पितळी रिंग चाकावर घासून दोघांचा वेग एक करते आणि मगच कडं पुढे जाऊ देते. १९२८ साली कॅडिलॅकने ही रचना मोटारीत आणली. त्याआधी चालकाला कानाने अंदाज घेत गिअर बदलावा लागे.

घासणं हाच सिंक्रो रिंगचा धर्म असल्यामुळे ती झिजणारच. बेअरिंग, ऑइल सील, कडं सरकवणारा सिलेक्टर फोर्क हेही झिजतात आणि सुटे बदलता येतात. दुसऱ्या बाजूला दातेरी चाकं, शाफ्ट आणि बाहेरचं अ‍ॅल्युमिनियमचं कवच. हे नीट तेलात राहिलं तर गाडीच्या आयुष्यभर टिकतं; मोडलं तर खर्च एकदम वर जातो. बिघाड या दोन गटांपैकी कुठे आहे, यावर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं.

२. पेटी खरंच गेली आहे का?

या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण “गिअरबॉक्स गेला” म्हणून आलेल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ पेटीच्या बाहेर असतं.

गिअर पडत नाही, ही सगळ्यात नेहमीची तक्रार घ्या. इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनावर ते लोण्यासारखे पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर एकही धड पडत नसेल, तर दोष बहुतेक वेळा क्लच पूर्ण न सुटण्याचा असतो. क्लचची केबल ताणली असेल, किंवा तेलावर चालणाऱ्या क्लचचा मास्टर अथवा स्लेव्ह सिलिंडर गळत असेल. याचा खर्च गिअरबॉक्स खोलण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे. इंजिन बंद असतानाही दांडा आडमुठेपणा करत असेल, तर आधी दांड्यापासून पेटीपर्यंत जाणारी केबल आणि तिच्या टोकाचे प्लास्टिकचे बुश बघायला सांगा. खरखर एकाच गिअरला, समजा तिसरा टाकतानाच होत असेल, तर मात्र त्या गिअरची सिंक्रो रिंग संशयित.

रेस वाढते पण गाडी ओढत नाही, हे मॅन्युअल गाडीत क्लच प्लेट संपल्याचं लक्षण. टाकलेला गिअर आपोआप निघून येत असेल तर आतलं कडं किंवा फोर्क झिजलेला असू शकतो, पण इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंट तुटले तरी तेच होतं. माउंट बाहेरून दिसतो. तो पाहायला पेटी उतरवावी लागत नाही.

आवाजासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि ती प्रत्येक गाडीवाल्याला यावी. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. क्लचवरून पाय काढल्यावर घरघर येते आणि क्लच दाबला की ती थांबते, असं असेल तर पेटीतल्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग बोलतंय. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर ते रिलीज बेअरिंग. ते क्लचबरोबर बदललं जातं. वळताना टकटक होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा पाहा. वेगाबरोबर वाढणारी, कुठल्याही गिअरमध्ये आणि न्यूट्रलमध्येही तशीच राहणारी घूं घूं पुष्कळदा चाकाच्या बेअरिंगची निघते.

हे सगळं तपासायला अनुभवी मेकॅनिकला एक फेरी आणि थोडा वेळ लागतो. त्याचे पैसे आनंदाने द्यावेत. गाडी न चालवता, केवळ वर्णन ऐकून “पेटी उतरवावी लागेल” असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या गॅरेजचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. ऑटोमॅटिक म्हणजे नेमकं कुठलं?

दोन पेडलांच्या सगळ्या गाड्यांना आपण ऑटोमॅटिक म्हणतो, पण आत चार अगदी वेगळ्या रचना असतात आणि चौघींचा दुरुस्तीचा हिशेब वेगळा आहे.

भारतात सर्वसामान्यांपर्यंत पोचली ती एएमटी. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओत ती आणली. हा मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचं आणि गिअर बदलण्याचं काम संगणकाच्या हुकमाने चालणारा अ‍ॅक्चुएटर करतो. त्यामुळे एएमटी अडली तर पहिला संशय पेटीवर घेऊ नये. बॅटरी अशक्त झाली, एखादा सेन्सर बिघडला, क्लच झिजल्यावर त्याची नवी मापं संगणकाला दिली नाहीत, तरीही गाडी मध्येच न्यूट्रलमध्ये जाते. स्कॅनर लावून क्लचचं कॅलिब्रेशन केल्यावर ठीक झालेल्या एएमटी पुष्कळ आहेत. संपूर्ण पेटी बदलण्याची वेळ यात क्वचित येते.

टॉर्क कन्व्हर्टर ही जुनी, मुरलेली रचना. जनरल मोटर्सचा हायड्रा-मॅटिक १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये आला, तेव्हापासून तेलाच्या दाबावर गिअर बदलणाऱ्या पेट्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आहेत. आजच्या पेटीत इंजिनाकडचं पातं तेल फेकतं, ते तेल समोरचं पातं फिरवतं, आणि आतल्या क्लचांचे थर तेलाच्या दाबाने घट्ट होऊन गिअर बदलतात. गिअर बदलताना झटका बसणं किंवा डी मध्ये टाकल्यावर गाडी दोन-तीन सेकंदांनी हलणं, याचं कारण तेल कमी असणं किंवा वाल्व्ह बॉडीतला एखादा सोलेनॉइड बिघडणं हेही असू शकतं. तो भाग अनेक पेट्यांमध्ये खालचं पॅन उघडून बदलता येतो.

सीव्हीटीत गिअर नसतातच. दोन शंकूसारख्या पुल्यांमधून पोलादी पट्टा किंवा साखळी फिरते आणि प्रत्येक पुलीचे दोन भाग जवळ-दूर होत प्रमाण बदलतात. १९५८ साली डच कंपनी डाफने रबरी पट्ट्यांची अशी मोटार लोकांसमोर आणली होती. पोलादी पट्टा घसरून पुल्यांवर ओरखडे पडले की दुरुस्तीला फारशी जागा उरत नाही आणि बहुतेक वेळा संपूर्ण पेटीच बदलावी लागते. म्हणूनच सीव्हीटीत चुकीचं तेल ओतणं हा अक्षम्य प्रकार आहे. लाल दिसतं म्हणून साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं तेल, चालत नाही.

चौथी ड्युअल क्लच. एक क्लच विषम गिअरांचा, दुसरा सम गिअरांचा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, त्यामुळे ती झटपट आहे. पण कोरडे क्लच असलेल्या पेट्यांना पुण्यातल्या सिंहगड रोडसारख्या रांगत्या वाहतुकीत उष्णतेचा त्रास होतो. यातलं महागडं दुखणं म्हणजे मेकॅट्रॉनिक, अर्थात वाल्व्ह, सेन्सर आणि संगणक यांचा एकत्र ठोकळा. तो सुटा मिळतो. तो बिघडला म्हणून पूर्ण पेटी बदलण्याचा सल्ला मिळाला तर कारण विचारा.

पैसे देण्याआधी आणखी एक चौकशी करावी. काही वेळा दोष मालकाच्या वापराचा नसून मुळातल्या रचनेचा असतो आणि कंपनीने तो मान्यही केलेला असतो. फोक्सवॅगनने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या, त्या सात गिअरांच्या कोरड्या ड्युअल क्लच पेटीतलं कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्यासाठी. उष्ण हवामानात त्या तेलामुळे विजेचा बिघाड होण्याची शक्यता होती. निसानने अमेरिकेत २००९ मध्ये आपल्या अनेक सीव्हीटी गाड्यांची हमी दहा वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली होती. तुमच्या गाडीसाठी असं काही आहे का, हे अधिकृत सेवा केंद्र चॅसी नंबरवरून सांगू शकतं. वाढीव हमी घेतली होती का, तीही कागदपत्रांत शोधा.

४. काढलेलं तेल बघा

पेटी उतरवण्याआधी तेल काढून घ्या आणि स्वतः उभे राहून बघा. तळाच्या चुंबकावर करडा, मऊ चिखलासारखा थर असणं नॉर्मल आहे. तेलात पिवळी चमक दिसली तर सिंक्रो रिंगा झिजताहेत. बोटांना टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा मिळाला, तर गोष्ट महागड्या गटात गेली. ऑटोमॅटिकचं तेल काळपट आणि जळका वास येणारं असेल तर आतले क्लच भाजले आहेत. नुसतं तेल बदलून ते बरे होत नाहीत.

आणि तेल दुधाळ कॉफीसारखं निघालं तर त्यात पाणी शिरलंय. आपल्याकडे याचं गांभीर्य फार आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. अशा पुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांचं इंजिन तपासलं जातं, गिअरबॉक्स मात्र विसरला जातो. पेटीला हवा जाण्यासाठी वर छोटी नळी असते, तिच्यातून पाणी आत जातं आणि बेअरिंगांना गंज धरतो. आवाज येतो तो काही महिन्यांनी. पाण्यातून काढलेली गाडी चालू करण्याआधी गिअर ऑइल बदललं, तर पुष्कळदा पुढचा सगळा खर्च वाचतो.

विम्याचंही इथेच सांगतो. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. पाण्यामुळे झालेल्या नुकसानीसाठी बहुधा इंजिन प्रोटेक्टसारखं वेगळं कवच लागतं, आणि त्यात गिअरबॉक्स आहे का हे वाचून घ्यावं लागतं. दगड लागून कवच फुटलं तर तो अपघात. पण तेल गळत असताना गाडी तशीच पुढे दामटली आणि आतली चाकं जळाली, तर ते नुकसान कंपनी सहसा नाकारते. खाली धक्का बसून तेलाचा डाग दिसला की जागच्या जागी थांबा.

५. वाटा कोणत्या?

बिघाड कळला की पहिली वाट म्हणजे नेमका तो भाग बदलणं. एक बेअरिंग, एक सिंक्रो रिंग. खर्चाचा मोठा हिस्सा इथे मजुरीचा असतो, कारण पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्ट काढून पेटी खाली घ्यावी लागते. म्हणून पेटी उतरलीच आहे, तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि दोन्हीकडची ऑइल सील अर्ध्याहून अधिक झिजलेली असल्यास त्याच वेळी बदला. सहा महिन्यांनी त्यासाठी पुन्हा तीच मजुरी देणं फार जिवावर येतं.

दुसरी वाट ओव्हरहॉल : पेटी पूर्ण खोलून सगळी बेअरिंगं, रिंगा, सील नवी. मॅन्युअल आणि एएमटीसाठी माझा कल इथेच आहे, कारण हे काम करणारे चांगले हात छोट्या शहरांतही मिळतात. सीव्हीटी आणि ड्युअल क्लचसाठी त्याच पेटीचा अनुभव असलेला माणूस हवा, आणि तो जवळपास नसेल तर ही वाट सोडावी.

तिसरी वाट जुनी पेटी. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट हे जुन्या सुट्या भागांचे मोठे बाजार. मोडीत काढलेल्या गाडीची चांगली पेटी नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळू शकते. धोका हा, की तिचा इतिहास माहीत नसतो. पेटीवरचा कोड तुमच्या पेटीशी तंतोतंत जुळला पाहिजे; एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीतही पेट्या वेगळ्या असतात. शाफ्ट हाताने फिरवून पाहा, तेल काढून पाहा, लेखी पावती घ्या. नोंदणी पुस्तकावर इंजिन आणि चॅसी नंबर असतात, गिअरबॉक्सचा नसतो, त्यामुळे इंजिन बदलल्यावर करावी लागते तशी आरटीओतली नोंद इथे लागत नाही. ऑटोमॅटिक प्रकारात मात्र जुन्या पेटीची तुमच्या गाडीच्या संगणकाशी ओळख करून द्यावी लागते. ती सोय गॅरेजकडे आहे का, हे पेटी विकत घेण्याआधी विचारा.

चौथी वाट कंपनीची नवी पेटी. सर्वांत महाग, आणि हमीमुळे सर्वांत निर्धास्त. सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे, त्यामुळे त्याआधी काढलेला अंदाज हातात असेल तर नवा मागा.

६. आता हिशेब

“दुरुस्ती गाडीच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त असेल तर गाडी विका” असा एक नियम सांगितला जातो. मला तो अपुरा वाटतो. तो चालू गाडीची किंमत धरतो, पण तुमच्याकडे आज चालू गाडी नाही.

समजा, दहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आहे. चालू असती तर अडीच लाख मिळाले असते. गिअरबॉक्स गेलेल्या अवस्थेत दीड लाख मिळतात. क्लचसह ओव्हरहॉलचा खर्च ४५,००० रुपये. गाडी विकायचीच ठरली तरी दुरुस्त करून विकल्यास हातात २,०५,००० उरतात, म्हणजे ५५,००० जास्त.

ठेवायची असेल तर? खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे अजून पाच वर्षं निर्वेध आहेत. आज विकून मिळणारे दीड लाख सोडायचे, त्यात ४५,००० घालायचे आणि पाच वर्षांनी तिचे ६०,००० आले असं धरू. एकूण १,३५,०००, वर्षाला २७,०००. जुनी गाडी म्हणून वर्षाला आणखी २०,००० देखभालीला धरा, ४७,००० झाले. आठ लाखांची नवी गाडी पाच वर्षांनी चार लाखांची होणार असेल, तर तिची नुसती घट वर्षाला ८०,०००. कर्जाचं व्याज आणि वाढलेला विमा वेगळाच. इंजिन आणि पत्रा धड असेल तर इथे दुरुस्तीच योग्य.

आता दुसरी गाडी. अकरा वर्षांची ऑटोमॅटिक सेडान, चालू असती तर तीन लाख, आहे तशी १,४०,०००. पेटीचे सुटे भाग मिळत नाहीत, नवी पेटी २,६०,०००. शिवाय इंजिन तेल खातंय, सस्पेन्शन संपलंय, त्याचे ६०,०००. म्हणजे ३,२०,००० घालून तीन लाखांची गाडी. ही आहे तशी विकावी. मागच्या वर्षी हिच्यावर टायर आणि एसीसाठी पन्नास हजार घातले होते, ही गोष्ट मनाला टोचेल, पण ते पैसे दोन्ही निर्णयांत गेलेलेच आहेत.

गाडी पंधराच्या जवळ आली असेल तर पुनर्नोंदणीचाही खर्च मांडा. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. महाराष्ट्रात पर्यावरण कर त्याशिवाय. कोकण किनाऱ्यावरच्या गाडीचा तळ गंजलाय का, हे तर पेटीचा विचार करण्याआधीच लिफ्टवर चढवून पाहावं. गंजलेल्या तळाखाली कितीही चांगली पेटी बसवली तरी ती गाडी वाचत नाही.

७. गॅरेजमध्ये काय ठरवून घ्यायचं?

पेटी खोलण्याआधी दोन आकडे लिहून घ्या : नुसतं उतरवून, खोलून तपासण्याचा, आणि काम केल्यास एकूण अंदाजाचा. खोलल्यावर खर्च वाढणार असेल तर फोन आल्याशिवाय पुढचं काम होणार नाही, हेही त्याच कागदावर असू द्या. काढलेले जुने भाग परत मागा. झिजलेली रिंग आणि खडबडीत बेअरिंग बोटाला कळतं. बिलात भागांचे क्रमांक, भरलेल्या तेलाचं नाव आणि प्रमाण, मजुरी वेगळी, आणि हमी किती महिन्यांची व किती किलोमीटरची, हे सगळं यावं. हमीत मजुरी धरली आहे का, हे विचाराच. पुन्हा बिघडल्यास बेअरिंग फुकट देऊन मजुरी परत घेतली, तर तुमचा फार फायदा होत नाही.

गाडी ताब्यात घेताना ती गार असताना आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर, अशी दोनदा पाहा. काही दोष तेल पातळ झाल्यावरच दिसतात. चढावर थांबवून पुन्हा सुरू करा, रिव्हर्स दोन-तीनदा टाका. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी डाग पाहा. ओव्हरहॉल केलेल्या मॅन्युअल पेटीचं तेल पहिल्या हजारेक किलोमीटरनंतर एकदा बदलून घ्या, म्हणजे नव्या भागांची सुरुवातीची झीज बाहेर जाते. त्या वेळी चुंबकावर करड्या थराऐवजी धारदार कण मिळाले, तर ते कागदात बांधून ठेवा आणि हमीची मुदत आहे तोवर गाडी परत न्या.